आमची वाटचाल : दोन सुया, एक दोरा

नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या गाळ्यावर ‘हातशिलाईचे चामडी काम’ एवढंच लिहिलंय. पाटी वडिलांच्या काळची. ते देवळाली कॅम्पच्या ऑर्डरी करायचे. पट्टे, होल्स्टर, खोगिरांची दुरुस्ती. लष्करातल्या माणसाला टाका वाकडा दिसला की माल परत यायचा. त्यामुळे आमच्या घरात आधी सरळ टाका शिकवतात, नक्षी नंतर.

सरळ टाका म्हणजे दोन सुया आणि एक दोरा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई लावायची, आरीने छिद्र पाडायचं, डावीकडची सुई घालायची, मागोमाग त्याच छिद्रातून उजवीकडची, आणि दोन्ही हात एकदम बाहेर खेचायचे. आरीचं पातं शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं, म्हणून छिद्र तिरपं पडतं आणि टाकाही तिरपा बसतो. सुई मात्र बोथटच हवी. टोकदार सुई छिद्रातल्या दोऱ्यात घुसते आणि दोरा चिरतो. कोणती सुई आधी आणि दुसरी तिच्या वरून की खालून, हे पहिल्या टाक्याला ठरलं की शेवटपर्यंत तेच. मध्ये बदललं की ओळ तिथेच मोडते. मग वरून कितीही पॉलिश मारा, जाणकाराचा डोळा तिथेच जाऊन थांबतो.

वडिलांची आरी मी आजही वापरतो. मूठ बाभळीची आहे, पातं बदललंय. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, तर इतक्या वेळा पाजळलीय की अर्धीच उरलीय, पण काठ तासायला तिच्यासारखी दुसरी नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

२०१६ मात्र विसरत नाही. सातपूरच्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी फोल्डर मागवले होते. नमुना आम्ही दिला. कडेला दुहेरी शिलाई, कोपऱ्यांवर फुली टाका, कण्यावर वादीची, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्टीची, वेणी. साहेबांना आवडला, तोंडी होकार मिळाला, आणि त्या भरवशावर मी चेन्नईहून पातळ चामडं उधारीवर उचललं. पितृपक्षात निरोप आला, ऑर्डर दुसरीकडे दिली. दुसरीकडे म्हणजे कॉलेज रोडवरच्या एका शोरूमला. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. फोल्डर बाहेर आले तेव्हा माझा नमुना मी ओळखला. तेच कोपरे, तोच रंग. शिलाई मशीनची, कोपऱ्यावरची फुलीही मशीननेच मारलेली, आणि आत ‘हातशिलाई’ अशी सोनेरी अक्षरं. दर आमच्या निम्म्याच्या आसपास. मशीनचा माल मशीनचा म्हणून विकला असता तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. पोट सगळ्यांना आहे. पण दोन सुयांवर बोटं सोलून घेतलेल्यांचं नाव त्यावर कशाला?

पाठोपाठ ८ नोव्हेंबर. नोटा बंद. चामड्याचा व्यापारी रोज फोन करायचा. गाळा विकायची बोलणी घरात सुरू झाली होती.

त्या वेळी निफाडचे नाना आले. द्राक्षबागायतदार माणूस, घोड्यांचा शौक तीन पिढ्यांचा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उतरायचं, तर घोड्यांच्या अंगावर साज आमचाच, हे वडिलांच्या वेळेपासूनचं. ते पाच घोड्यांची मोहरकी (तोंडावर बांधायचा साज), कपाळपट्टी आणि छातीपट्टा सांगून गेले, आणि अर्ध्या पैशांचा चेक तिथेच फाडला. त्या वर्षी बागायतदाराच्या हातातही रोकड नव्हती, हे मला माहीत होतं.

फोल्डरचं पातळ चामडं साजाला चालत नाही, ताण घेत नाही. आम्ही ते अस्तराला लावलं, आणि उरलेल्याचे पानाफुलांचे तुकडे कापून जाड पट्ट्यावर बसवले. तुकड्याच्या कडेने बारीक टाके, दोन ओळींच्या मधे लाल दोऱ्याची फुली. आज लोक ज्याला ‘तुमची डिझाईन’ म्हणतात ती अशी आली. माल न्यायला आले तेव्हा नानांनी नक्षीकडे आधी पाहिलंच नाही. पट्टा उलटा केला आणि आतल्या बाजूने अंगठा हळूहळू फिरवत नेला, गाठ लागते का बघत. गाठीने घोड्याचा गाल सोलतो. आमची गाठ नसतेच. शेवटचे दोन-तीन टाके मागे घेऊन दोऱ्याची टोकं अस्तराच्या आत सोडतो. अंगठा पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला आणि नाना म्हणाले, “बापाचा हात आलाय बरं का तुझ्या हातात.” गाळा राहिला. उधारी पुढच्या दोन वर्षांत फिटली.

आता हे नवीन मुलांसाठी. शिकायला येतात ते आधी महागडा टूल सेट घेऊन येतात. घेऊ नका. एक चांगली आरी, दोन सुया, मेण, आणि मांडीत धरायचा लाकडी चिमटा पुरतो. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या, जाड चामड्याला आणखी थोडा. मधे जोड देण्यापेक्षा उरलेला बरा. पर्सला इंचाला आठ टाके, लगामाला सहा. लगामाला बारीक टाके घातले तर छिद्रांच्या रांगेवरच चामडं फाटतं. फुली टाका दोन कडा समोरासमोर जोडायला आहे, स्टिअरिंग कव्हरला तोच लागतो. ओढ दोन्ही हातांची सारखी नसेल तर जोड एका बाजूला सरकतो.

गिऱ्हाइकांनाही सांगतो. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा वेगवेगळे, मधे एकमेकांत अडकलेले. एक तुटला की ओळ सैल व्हायला लागते. आमच्याकडे एकच दोरा प्रत्येक छिद्रातून दोन्हीकडून जातो, एक टाका झिजला तरी शेजारचे धरून ठेवतात. म्हणून वेळ लागतो आणि म्हणून पैसे लागतात. कच्छच्या मोची कारागिरांनी आरीचं भरतकाम आधी चामड्यावर केलं, नंतर ते रेशमात उतरलं. लग्नाच्या ब्लाऊजवरच्या आरी वर्कला आज कोणी घासाघीस करत नाही. तोच हात चामड्यावर चालला की “भाऊ, जास्त होतात” ऐकावं लागतं.

कॉलेज रोडच्या त्या शोरूममधल्या पिशव्या आता दुरुस्तीला आमच्याकडे येतात. कोपरे उसवलेले असतात. आम्ही घेतो, परत पाठवत नाही. पण जुन्या शिलाईवरून शिवत नाही. सगळी उसवतो, छिद्रं बघतो, पुन्हा दोन सुयांनी शिवतो, आणि मजुरी पूर्ण लावतो. दिवाळीआधी कोणाला हवं असेल तर दसऱ्यापर्यंत आणून द्या. डिसेंबरमध्ये सारंगखेड्याच्या साजाखेरीज दुसरं काम आम्ही हातात घेत नाही.