तुम्ही विचारलंत म्हणून: मास्तरांनी मे महिन्यात शाळेत यावं का?

"मास्तर, तुमचं बरं हाय की! दीड महिना पगारी सुट्टी. तेवढ्यात शाळेचं काम का होत न्हाई?" एप्रिल-मेच्या लग्नसराईत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षकाला हे पंगतीत ऐकावंच लागतं. त्यात थट्टा अर्धी, पण उरलेला अर्धा प्रश्न खरा असतो. माझं उत्तर असं की सुट्टीत काम करावं, पण शेवटचे आठ दिवस, आणि ते काम शाळेचंच असावं. सध्या चालतं ते उलटं. सुट्टी भलत्याच कामांत जाते आणि शाळेची तयारी उघडायच्या दिवसावर येऊन पडते.

आधी पगाराचं बघू. इतर सरकारी नोकराला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते, जिला सगळे ईएल म्हणतात. शिक्षक सुट्टी असलेल्या खात्यात मोडतो म्हणून त्याला १० मिळतात, जानेवारीत ५ आणि जुलैत ५. उन्हाळ्याची आणि दसऱ्याची सुट्टी दिली, त्याबद्दल बाकीच्या २० आधीच कापून घेतल्या आहेत. साठलेली ईएल निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते. एकही रजा न वापरता तेवढी साठवायला कचेरीतल्या कारकुनाला दहा वर्षं लागतात, शिक्षकाला तीस. तेव्हा ही सुट्टी फुकटची म्हणता येणार नाही.

आता ती जाते कुठे? कर्नाटकातल्या शाळांना साधारण ११ एप्रिल ते २८ मे सुट्टी असते. २०१५ चं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण, ज्याला लोक जातगणना म्हणतात, सुरू झालं ११ एप्रिललाच, आणि घरोघरी फिरायला शिक्षक. २०२३ मध्ये विधानसभेचं मतदान १० मेला झालं. २०२४ मध्ये लोकसभेचं ७ मेला, बेळगाव आणि चिक्कोडीतही आणि उत्तर कन्नड मतदारसंघात मोडणाऱ्या खानापुरातही. मतदानाचा एक दिवस दिसतो. त्याआधीची प्रशिक्षणं, साहित्य ताब्यात घेणं आणि रात्री पेट्या जमा करणं कुणी मोजत नाही. २०२५ मध्ये ५ मेपासून अनुसूचित जातींचं सर्वेक्षण. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून पुन्हा सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण निघालं, आणि ते संपेना म्हणून दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबवली. वर्गातले दिवस गेले ते वेगळेच.

याला कायद्याची एक गंमतशीर बाजू आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला शिक्षणाबाहेरची तीनच कामं देता येतात: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं की मतदार यादीची आणि निवडणुकीची कामं सुट्टीच्या किंवा बिनशिकवणीच्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या वेळेत देऊ नयेत. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे तासातून बाहेर काढलेलं काम सुट्टीत जाऊन बसतं. मेमध्ये शिक्षक घरी रिकामा आहे, हे मग सगळ्याच खात्यांनी गृहीत धरलं.

अशा कामाची भरपाई म्हणून त्या प्रमाणात जादा ईएल मिळते. खरं अडतं ते कागदावर. नेमणुकीचा आदेश व्हॉट्सॲपवर येतो, त्यावर नाव असतं पण जावक क्रमांक नसतो. हजेरीच्या दाखल्यावर "आवश्यकतेनुसार काम केले" असं मोघम लिहिलेलं असतं. प्रशिक्षणाचे दिवस त्यात धरलेले नसतात. असा कागद बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या, ऑफिसात टिकत नाही. म्हणून सहीशिक्क्याचा आदेश त्याच वेळी मागून घ्यावा, दाखल्यावर "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असे दिवस घालून घ्यावेत, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यातच अर्ज देऊन सेवापुस्तकात नोंद झालेली डोळ्यांनी बघावी. वर्षभराने गेलात तर दाखला देणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

मुलांचे वर्ग मेमध्ये घ्यावेत का, असंही पालक विचारतात. प्राथमिकला अजिबात नकोत. अथणी-रायबागकडे एप्रिलच्या उन्हात पत्र्याखालच्या वर्गात मूल बसू शकत नाही, आणि खानापूरच्या पश्चिमेला तेव्हा काजू-फणसाचा हंगाम आणि गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा. पटावर तीस तर वर्गात सात येतील. दहावीची गोष्ट वेगळी. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावी बोर्डाच्या, वर्षाला एकाहून जास्त परीक्षा झाल्यापासून पहिल्या परीक्षेत नापास झालेल्यांना दुसऱ्या परीक्षेची तयारी सुट्टीतच करावी लागते. २०२४ मध्ये जादा वर्ग मेच्या मध्यापासून ठरले, शिक्षकांनी विरोध केला, आणि शेवटी दुसरी परीक्षा ७ जूनऐवजी १४ जूनला गेली. २०२५ मध्ये ती २६ मेलाच सुरू झाली. या मुलांसाठी गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांनी यावं, असं माझं मत आहे. सगळ्या स्टाफला बोलावून खुर्च्या गरम करण्यात अर्थ नाही, आणि जे येतील त्यांची रजा लेखी लागली पाहिजे. २०२४ च्या दुष्काळात सुट्टीतही मुलांना दुपारचं जेवण दिलं गेलं. त्या कामाबद्दल मी कधीच कुरकुर करणार नाही.

आता माझे आठ दिवस. सरकारी हिशेबाने २९ मेला शाळा उघडते, एक-दोन दिवस साफसफाई आणि मग प्रारंभोत्सव. मोठ्या गावातल्या स्लॅबच्या शाळेला ते पुरतही असेल. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या कौलारू शाळेला नाही.

कौलांचंच घ्या. मेच्या अखेरीस खानापूर तालुक्यात भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी चालू असते आणि जो तो आपलं घर शाकारत असतो. २९ तारखेला गडी शोधायला निघालात तर कुणीही येणार नाही. शिवाय कोरड्या दिवसांत गळती दिसत नाही. म्हणून ज्या पावसात गळलं त्याच पावसात गळतीखालच्या वाशावर खडूने खूण करून ठेवावी लागते, आणि शाकारायचा दिवस १० एप्रिलच्या आधी शाळा सुधारणा समितीत, म्हणजे एसडीएमसीत, ठरवून टाकावा लागतो. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगळुरी कौलं बसतात. माकडांची आणि वळवाच्या वाऱ्याची फूट धरून वीस-पंचवीस जास्तीची आणावीत, पण आणताना जुनं एक कौल सोबत न्यावं. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुन्याशी जुळत नाही, आणि नवं कौल घालूनही नेमकं तिथूनच पाणी येतं. शिक्षकाने वर चढायचं नाही. खाली उभं राहून खुणा दाखवायच्या, आणि कुजलेली रीप बदलल्याशिवाय तिच्यावर कौल ठेवू द्यायचं नाही.

मग पाणी. दीड महिना बंद असलेल्या बोअरचं पहिलं पाणी गढूळ आणि लोखंडाच्या वासाचं येतं, ते पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यावं. टाकी घासून, भरून, हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी सगळं पाणी नळांतून सोडून टाकी पुन्हा धुवावी. त्यानंतर रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, टाकल्यावर तासभर थांबून मग प्यायचं. गेल्या वर्षीची फोडलेली पुडी वापरू नये. तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि आपण नुसता चुना टाकत असतो. बंद संडासाचं दार उघडताना आधी काठी वाजवावी, मेमध्ये तिथे विंचू आणि साप गारव्याला येतात.

अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाचं दुखणं दरवर्षीचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. म्हणजे पाचवीपर्यंतच्या साठ मुलांच्या शाळेला रोज सहा किलो. सुट्टीआधी पोतं भिंतीला टेकवून गेलात तर जूनमध्ये त्यात जाळी आणि किडे ठरलेले. वजन करून नोंदवहीत शिल्लक लिहावी, तांदूळ झाकणाच्या पिंपात भरून पिंप फळीवर ठेवावं, आणि उघडल्यावर चाळून सावलीत पसरावं. कडक उन्हात टाकला तर दाणा फुटतो आणि भाताचा गिचका होतो. बुरशीचा वास आला तर निवडत बसू नये, तो तांदूळ बाजूला काढून वर लेखी कळवावं. दुधाच्या पावडरीची आणि गॅसच्या नळीची तारीखही त्याच दिवशी बघावी.

वर्गाच्या तयारीचा गाभा मात्र एप्रिलमध्येच होतो. प्रत्येक मुलामागे एक ओळ: जोडाक्षरात अडतो, हातच्याची वजाबाकी चुकतो, कन्नड वाचतो पण काना-मात्रा सोडतो. तीस मुलांच्या तीस ओळी, हजेरीपत्रकाच्या शेवटी चिकटवलेल्या, कारण सुट्या कागदाचा जूनमध्ये पत्ता नसतो आणि बदल्यांच्या कौन्सेलिंगमध्ये लिहिणारा शिक्षकच दुसऱ्या तालुक्यात गेलेला असू शकतो. या ओळी हातात असल्या की सेतुबंधाची, म्हणजे सुरुवातीच्या मागच्या इयत्तेच्या उजळणीची, पूर्वचाचणी नुसती भरायची म्हणून भरली जात नाही. आपल्या मराठी शाळांत सुट्टीत सगळ्यात जास्त घसरतं ते कन्नड, कारण घरात आणि गल्लीत ते कानावर पडत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कन्नडला रोजचा एक तास जास्तीचा ठेवावा आणि वाचण्याआधी बोलण्यापासून सुरुवात करावी. सुट्टीचा अभ्यास म्हणून चाळीस पानांची वही देण्याचा प्रकार बंद केलेला बरा. ती २७ मेला मोठी बहीण भरते. त्याऐवजी शाळेच्या कपाटातली गोष्टीची दोन-दोन पुस्तकं मुलांच्या हातात द्यावीत. एखाददुसरं हरवेल. कपाटात वाळवी खाण्यापेक्षा हरवलेलं परवडलं.

आठ दिवसांतले दोन पटासाठी. इंग्रजी शाळांच्या व्हॅन मेमध्येच गल्लीत फिरायला लागतात, आणि पट घटला की शिक्षकाचं पद सरप्लस, म्हणजे जादा, ठरतं. अंगणवाडीतून यादी घ्यावी, जन्मदाखला बघावा, १ जूनला मुलाला सहा वर्षं पूर्ण होतात का ते तिथेच मोजावं. २०२५-२६ ला वयात फक्त त्याच वर्षापुरती सवलत दिली होती, तिच्या भरवशावर पालकाला शब्द देऊ नये. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षाचा आदेश बघूनच सांगावं.

सीमेवर आणखी एक अडचण असते. मुलं मामाकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला जातात आणि तिथल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मामाची पोरं घरी खेळत असताना भाचा २९ मेला परत यायला तयार नसतो, आणि आईलाही घाई नसते. पंधरा दिवस उशिरा आलेल्या मुलाचा सेतुबंध निम्मा हुकलेला असतो. त्यामुळे शाळा उघडायची तारीख निकालपत्रकावर ठळक लिहून द्यावी, २० मेनंतर पालकांना एकेक फोन करावा, आणि ज्याचं मूल पलीकडे आहे त्याला तिथल्या तारखेचं नाव काढायच्या आत आपली तारीख सांगावी.