वांगशी युआनमधला तीन पावलांचा पूल

आई महिनाभरासाठी साताऱ्याहून आमच्याकडे शांघायला आलीये, आणि सुझोऊ इथून बुलेट ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे तिथल्या जुन्या बागा तिला दाखवायच्या हे तिचं तिकीट काढलं तेव्हाच ठरलेलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस जाऊन आलो.

पहिल्या दिवशी सगळे जातात तिथेच गेलो, झुओझेंग युआनला. १५०९ साली मिंग काळातल्या वांग शियानचेंग नावाच्या अधिकाऱ्याने नोकरी सोडून गावी आल्यावर बांधायला घेतलेली बाग, तेरा एकरांच्या आसपास. सुंदर आहेच. एका जागेवरून तळ्याच्या टोकाला उंच पॅगोडा दिसतो आणि वाटतं तो बागेतलाच आहे, खरं तर तो लांब शहरात आहे, बागेने नुसता उसना घेतलाय, चिनी भाषेत ह्या युक्तीला तसं नावच आहे, 'उसनं दृश्य'. पण गर्दी इतकी की कुठे दोन मिनिटं थांबता येईना, आणि आईचे गुडघे दुपारपर्यंत बोलायला लागले.

म्हणून दुसऱ्या दिवशी ठरवलं, एकच बाग, तीही सगळ्यात छोट्यांपैकी. वांगशी युआन.

एका अरुंद गल्लीत आहे. बाहेरून नुसती पांढरी भिंत, आत एवढं काही असेल असं वाटतच नाही. आई म्हणाली आपल्या वाड्यासारखंच आहे की, रस्त्याला पाठ आणि सगळं वैभव आत. सगळं मिळून साधारण ५४०० चौरस मीटर, म्हणजे ५३ गुंठे, सव्वा एकराच्या थोडं वर, आणि त्यात घरही आलं, दिवाणखाने, अभ्यासिका, अंगणं सगळं. मूळ जागा बाराव्या शतकातली, शी झेंगझी नावाच्या अधिकाऱ्याची. पुढे अठराव्या शतकात सोंग झोंगयुआनने ती नव्याने उभी केली आणि हे नाव दिलं, वांगशी, म्हणजे जाळ्यांचा धनी, मासेमार. दरबाराला कंटाळलेल्या माणसाला साधं कोळ्याचं आयुष्य हवंय असा त्याचा अर्थ. मला हे नाव फार आवडलं.

मधोमध तळं, फार तर तीन-चार गुंठ्यांचं. त्याच्या पश्चिमेला पाण्यावर पुढे आलेला एक मंडप आहे, 'चंद्र येतो, वारा येतो' अशा अर्थाचं नाव. आई तिथे टेकली ती जवळजवळ तासभर उठलीच नाही. मी आधी जरा अस्वस्थ होते कारण पुढचं बघायचं राहील, पण आई चित्रकलेची शिक्षिका होती, तीस वर्षं मुलांना शिकवलंय तिने, ती गप्प बसली की काहीतरी बघत असते हे मला माहितीये.

मग म्हणाली, "अगं तो कोपऱ्यातला पूल बघ. मुद्दाम लहान केलाय."

खरंच की. दगडी कमानीचा पूल, पण तीन पावलांत संपतो, रुंदीला एक माणूस जेमतेम. एवढा छोटा पूल डोळ्याला दिसला की शेजारचं पाणी आपोआप मोठं वाटतं! मग एकेक दिसायला लागलं. काठाचे दगड खालून पोकळ ठेवलेत त्यामुळे पाणी त्यांच्या आत कुठेतरी जातंय असं वाटतं. कोपऱ्यांत पाणी चिंचोळं होत नाहीसं होतं, म्हणजे संपतंय कुठे ते कळतच नाही. उंच इमारती काठापासून मागे, काठावर फक्त बुटके मंडप. मंडपात मागे एक मोठा आरसा लावलाय, त्यात परत तळं! रात्री आकाशात एक चंद्र, पाण्यात एक आणि आरशात एक.

गाइड लोकांचे ग्रुप येऊन पाच मिनिटांत जात होते, फोटो काढून. मला वाईट वाटलं, कारण ही बाग चालत बघायचीच नाहीये, ती बसूनच बघायची आहे, बसायच्या जागा सगळ्या त्या हिशोबाने ठेवल्यात.

तिथून पश्चिमेच्या छोट्या अंगणात गेलो, दियानचुन यी. मे महिना असल्याने पिओनी फुललेल्या. खोलीच्या मागच्या खिडक्यांबाहेर हातभर जागा सोडून भिंत, आणि तेवढ्यात थोडा बांबू, थोडे दगड, म्हणजे खिडकीची चौकट हीच चित्राची चौकट. आई म्हणाली, हे मी शाळेत कागदाची चौकट कापून शिकवायचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधलं चिनी अंगण ह्याच अंगणावरून केलंय, सुझोऊचे कारागीर तिकडे जाऊन, १९८१ मध्ये ते उघडलं, तर न्यू जर्सीवाल्या मंडळींनी नक्की जाऊन या. आणि ह्याच अंगणात एका वाघाच्या पिल्लाची समाधी आहे. १९३० च्या दशकात झांग दाछियान हे मोठे चित्रकार भावाबरोबर इथे राहायचे, भाऊ वाघांची चित्रं काढायचा म्हणून त्याने पिल्लू पाळलेलं. आई त्या दगडापाशी बराच वेळ उभी होती.

जाताना ती परत तळ्याकडे वळली. पुलावरून पलीकडे गेली, परत आली, पावलं मोजत. मग वही काढून पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पूल काढला आणि वही मिटली.

ट्रेनमध्ये म्हणाली, पावसात कसं दिसत असेल गं ते पाणी. तिची फ्लाइट २८ ला आहे आणि गुरुवारी पाऊस दाखवतायत, मी सुट्टी टाकलीये.