गज अर्ध्यावर थांबला

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक दुरुस्तीला आली की पहिलं काम गजाचं, म्हणजे ठासायच्या दांडीचं. मालक काहीही सांगो. गज आधी नळीला बाहेरून लावून लांबी बघायची, मग तोच आत सोडायचा. दोन्ही मापं जुळली तर नळी रिकामी. या बंदुकीची नळी ९१ सेंटिमीटर, मागचं बूच वजा करता गज ८९ आत जायला हवा होता. तो ४८ वर थांबला. रिकाम्या नळीत लोखंडावर लोखंड खणकन वाजतं. इथे नुसतं थप्प झालं. शिसं.

बंदूक सिंधुदुर्गातल्या एका साठीच्या शेतकऱ्याची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीसाठी तशी वेगळी सोय आहे. गोणपाटात गुंडाळून यष्टीतून आणलेली. तक्रार एवढीच: "मेस्त्रीनू, केप फुटता, पण बार सुटणा नाय." केप म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी. ती फुटते पण बार होत नाही, म्हणजे भरलेली बंदूक मांडीवर आडवी ठेवून काका दोन तास प्रवास करून आले होते. शेजारी कोण बसलं होतं ते मी विचारलं नाही.

अशा वेळी घाई करायची नाही. निपल, म्हणजे केप बसते ती पोकळ घुंडी, आटे फिरवून काढलं. त्याचं भोक काजळीने पार बुजलेलं, म्हणून केपेची ठिणगी दारूपर्यंत पोचलीच नव्हती. त्या भोकातून सिरिंजने पाणी सोडलं आणि रात्रभर ठेवलं. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटते, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यामुळे पाणी आणि पुढचं काम यात खंड पडू द्यायचा नाही. गोळीत स्क्रू फिरवून ओढायची जुनी रीत आहे, पण घट्ट बसलेली गोळी स्क्रूने फुगते आणि आणखी आवळते. मी निपलच्या आट्यांवर बसेल असा पितळी जोड लेथवर काढून घेतलाय, त्याला ग्रीस गन लावतो. दांडी हलवत राहायचं. ग्रीस मागून भरत जातं आणि गोळी पेस्ट ट्यूबमधून यावी तशी तोंडाकडे सरकते. ना ठोकाठोकी, ना ठिणगी. पाऊण तास आणि जवळजवळ पाव किलो ग्रीस लागलं. आधी गोळी आली, मग नुसतं ग्रीस, सगळ्यात शेवटी काथ्याचा बोळा आणि काळा चिखल.

ते मधलं नुसतं ग्रीस म्हणजे पोकळी. दारूवर काथ्या नीट ठासलेला होता, पण गोळी वाटेतच अडकलेली. दोन्हींच्या मध्ये फुटापेक्षा जास्त रिकामी नळी. बार सुटला असता तर धूर आणि दाब ती पोकळी ओलांडून थांबलेल्या गोळीवर आदळला असता, आणि नेमकी त्याच जागी नळी कड्यासारखी फुगते. जुनी गावठी नळी असेल तर फाटते. तिथेच डावा हात असतो. 'फुसका बार' आपण हिणवायला म्हणतो. काकांचा डावा हात त्या फुसक्या बाराने वाचवला.

गोळीला चिकटून काळं, कडक, मेणकापडासारखं काहीतरी आलं. उकललं तर साडीची फुलं दिसली. पॉलिएस्टर. सुती चिंधी फार तर करपते, पॉलिएस्टर वितळतं आणि काजळीत मिसळून नळीला लुकणासारखं बसतं. मी लगेच निकाल दिला: चूक गोळीभोवती गुंडाळलेल्या कापडाची, म्हणजे काकांची. बराच वेळ बोललो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा कापड जाय नाय म्हणान ह्या घातलंय. गोळी तुमचीच हा मां."

गोळी माझीच होती. आदल्या वर्षी 'नेम धरवत नाही' म्हणून आले होते तेव्हा मीच त्यांना गोळी ओतायचा १७.८ मिलिमीटरचा साचा दिला होता, सोबत गोळीभोवती गुंडाळायला सुती खादीचं कापड. व्हर्नियरने नळीचं तोंड मोजलं होतं, १८.६. म्हणजे गोळीभोवती दोन्ही बाजूंना ०.४, कापड ०.४५, दाबून बसेल. हिशेब कागदावर झकास.

फक्त मी तोंडच मोजलं होतं. या खेपेला नळी धुऊन, तेल लावून मऊ शिशाची गुल्ली तोंडातून तळापर्यंत ढकलली आणि पुन्हा बाहेर काढून मोजली: १८.२. पुढच्या चार बोटांत नळी रुंद, आत निमुळती. पन्नास वर्षं लोखंडी गज घासून तोंड झिजलं होतं. आत गोळीभोवती जागा होती जेमतेम ०.२. खादी तिथे जाणारच नव्हती. काकांनी शोधून शोधून घरातलं सगळ्यात पातळ कापड घेतलं. स्वच्छ नळीत ते जायचं. रोज रात्री एखादा बार, सकाळी गरम पाण्याने धुणं, त्यामुळे वर्षभर निभावलं. त्या रात्री भातात डुकरं दोनदा आली, बार ओळीने झाले आणि गोळी वाटेत राहिली. (हुसकावायलाच तर होतं. दारू आणि काथ्याचा नुसता आवाज पुरला असता. पण गोळीशिवाय बार म्हणजे अपमान वाटतो लोकांना.)

काळ्या दारूचं हे मूळ दुखणं. ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळून जे उरतं त्यातलं निम्म्याहून जास्त वजन घन, धूर आणि काजळी. ती काजळी हवेतलं पाणी ओढते आणि कोकणात तर चिकट रबडी होते. म्हणून गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैलच हवी. कंपनी सरकारच्या फौजेची ब्राउन बेस बघा: नळी पाऊण इंचाची, गोळी ०.६९ इंचाची, दीड मिलिमीटर फरक. नेम गेला तरी चालेल, पण घाण नळीत विसावी गोळीही घरंगळत तळाला जायला हवी. बोळा म्हणून काडतुसाचाच कागद. 'बारा बोअर'चा अर्थही दुकानदारांना सांगावा लागतो. एका पौंडात बारा बसतील अशा शिशाच्या गोळीचा व्यास, १८.५ मिलिमीटर, तो नळीचा. गोळी त्याहून लहानच घ्यायची.

आता या नळीला १७ चा साचा दिला. ०.८ चा फरक किरकोळ वाटतो, पण वजन घनाने बदलतं: १७.८ ची गोळी साडेतेहतीस ग्रॅम, १७ ची एकोणतीस. दणका कमी, नळीवर ताणही कमी. जुन्या बारा बोअरचं नेहमीचं माप पावणेतीन ड्रॅम दारू, सुमारे ४.९ ग्रॅम. ते जाड, तपासलेल्या नळीसाठी. ही नळी मागे गंजून खड्डे पडलेली, कारण निवडणुकीला बंदूक जमा होते आणि ओलीच परत येते. म्हणून हिला चार ग्रॅमचं माप पितळी नळीत कापून दिलं. फटाक्यांची दारू कधीही नाही. तिच्यात ॲल्युमिनियम असतं, ती जळत नाही, फुटते. परवान्यावरची खरी दारू मिळायला लोकांना जिल्हा पालथा घालावा लागतो आणि मग फटाके फोडून भरले की आपणच त्यांना शहाणपण शिकवतो.

बोळ्यांवर मात्र मी वेळ घालवला. काथ्या वाईट नाही. स्प्रिंगसारखा फुगून बसतो. पण कोरडा काथ्या काजळी तशीच सोडतो, आणि धुमसत बाहेर पडतो. चैत्र-वैशाखात काजूच्या बागेतलं गवत पेटायला तेवढं पुरे. वर्तमानपत्राचंही तेच. म्हणून क्रम असा दिला: दारू, तीन मिलिमीटरची पुठ्ठ्याची घट्ट चकती, त्यावर बोटभर जाडीची नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती चरबट केलेली, मग गोळी, वर पातळ पुठ्ठा. खालची चकती धूर अडवते आणि नमद्याचं तेल दारूत उतरू देत नाही. नमदा जाताना नळी पुसत जातो. वरची चकती सगळ्यात महत्त्वाची. सैल गोळी, बंदूक खांद्यावर तोंड खाली, गोळी घरंगळून पुढे येते आणि पुन्हा तीच पोकळी.

चरबटपणासाठी ग्रीस किंवा मशीनचं तेल नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. खोबरेल उन्हात पातळ होऊन झिरपतं. मी मुठेल वापरतो, टाचांच्या भेगांना लावतो ते कोकमाचं तेल. वडीसारखं घट्ट राहतं, नळीत बाराच्या उष्णतेने वितळतं आणि काजळी मऊ ठेवतं. दोन भाग मुठेल, एक भाग मधमाशीचं मेण, चकत्या बुडवून काढायच्या. हे मला कुणी शिकवलेलं नाही, थोडा अभिमान आहे.

टायरला बंदूक बांधून, दोरीने चाप ओढून, मधे नळी न धुता सहा बार काढले. सहावी गोळीही गजाच्या वजनाने तळाला गेली. नेम पूर्वीपेक्षा किंचित सैल, हे काकांना स्पष्ट सांगितलं. गजावर दोन खुणा कोरल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. त्यांच्या गजावर आधी एकही नव्हती. म्हणाले, "हाताक कळता." कळत नाही, काका. त्या रात्री कळलं नव्हतं.

नूतनीकरणाला नंबर तपासतात, कागद तपासतात. नळीत गज घालून कुणी बघत नाही. पण बोलायला माझं तोंड कुठे आहे, मीही तोंडच मोजलं होतं.

१७.८ चा तो साचा मी आणखी तिघांना दिलाय. दोघांच्या नळ्या परवा गुल्ली घालून मोजल्या, एकाची ठीक निघाली, एकाचा साचा परत घेतला. तिसऱ्याची बंदूक निवडणुकीसाठी ठाण्यात जमा आहे. सुटली की घरी न नेता आधी इकडे आणा, गजासकट, असं सांगून ठेवलंय.