साठपैकी चोपन्न, साठपैकी सत्तावीस

बेळगावातील एका पदवीपूर्व महाविद्यालयात मी गणित शिकवतो. त्या वर्षी बारावीच्या मुलांना मी रेव्हन यांची तर्कचाचणी दिली होती आणि सीईटीचा, म्हणजे कर्नाटकातील अभियांत्रिकी वगैरे अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यावर दोन्हींचे गुण शेजारी शेजारी मांडायला बसलो. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १२-१२ आकृत्यांचे पाच संच असतात. अपुऱ्या नक्षीत नेमका बसणारा तुकडा शोधायचा असतो आणि वाचायला एकही शब्द नसतो. सीईटीच्या गणितातही प्रश्न ६०च, त्यामुळे तुलना सोपी वाटली. फ्रे आणि डेटरमन यांच्या २००४ च्या अभ्यासात अमेरिकेतील सॅट ही महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा आणि रेव्हनची प्रगत आवृत्ती यांचा सहसंबंध (पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.४८ आला होता, आणि निवडक विद्यार्थ्यांमुळे गुणांचा पल्ला आखूड झाल्याचे हिशेबात घेतल्यावर तो ०.७२ झाला होता. आमच्याकडेही दोन्ही क्रम साधारण जुळतील, अशी माझी अपेक्षा होती.

बहुतेकांचे जुळलेही. खानापूर तालुक्यातील एका मुलीला मात्र आकृत्यांत ५४ आणि सीईटीच्या गणितात २७ गुण होते. आदल्याच दिवशी मी तिच्या वडिलांना सराव कमी पडल्याचे सांगितले होते.

मी तिला बोलावून तीच प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवली आणि घड्याळ लावले. पिशवीतून चेंडू काढण्याचा, संभाव्यतेचा प्रश्न होता. ओठ हलवत ती इंग्रजी वाक्य वाचत होती. ‘विदाउट रिप्लेसमेंट’पाशी अडखळून पुन्हा पहिल्या शब्दाकडे गेली, आणि पेन्सिल कागदाला लागेपर्यंत सव्वा मिनिट उलटले. सीईटीत ८० मिनिटांत ६० प्रश्न, म्हणजे एकेका प्रश्नाला ८० सेकंद. मग तसाच दुसरा प्रश्न मी मराठीत सांगितला. “काढलेला चेंडू परत ठेवायचा नाही,” हे माझे वाक्य पुरे होण्याआधीच तिने दुसऱ्या अपूर्णांकाचा छेद एकाने कमी करून मांडला होता.

“गणित येतंय की सर, वाचूस्तोवर वेळ जातोय,” ती म्हणाली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटच्या वीसेक प्रश्नांची वर्तुळे तिने न वाचताच काळी केली होती.

ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली होती, आणि सीईटीची प्रश्नपत्रिका कन्नड व इंग्रजीत असते. त्यात आकृत्यांची चाचणी मी वेळेचे बंधन न घालता दिली होती. भाषा आणि वेळ या दोन्ही अटी वेगळ्या असताना, केवळ साठाचा आकडा सारखा म्हणून मी ते गुण एका रांगेत बसवले होते, आणि याचे मला फार वाईट वाटले. यादी पुन्हा तपासली तेव्हा एवढीच तफावत असलेली आणखी तीन मुले सापडली. त्यांतील दोघे मराठी शाळांतून आलेले होते, तर तिसऱ्याचा परीक्षेआधीचा महिना आजारपणात गेला होता.

संध्याकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला. ते भाताच्या पेरणीत होते. काल मी सांगितले ते चुकीचे होते, मुलीचा अभ्यास झालेला आहे, असे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सर, हे तिला पण सांगा. कालपासून जेवली नाही ती.”