उद्यमबागेतून मेंदूपर्यंत : आमची वाटचाल

प्रयोग कसा आखायचा हे सांगणं, हा आमचा धंदा. सुरुवात फाउंड्रीतून झाली. कास्टिंगला छिद्रं का पडतात, वाळूचा ओलावा बदलायचा की धातूचं तापमान, आणि कमीत कमी ओतकामात ते कसं शोधायचं, हे आम्ही दोघं भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत सांगत फिरायचो. टिळकवाडीत भाड्याची खोली, पाटी कन्नडमध्ये, हिशेबाची वही मराठीत.

मेंदूचं काम आणलं खानापूरच्या एका मुलीनं. बेंगळुरूत पीएच.डी. करत होती. मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या एफएमआरआय मशिनमध्ये झोपवलेल्या माणसाला बरोब्बर दर 3 सेकंदांनी एक शब्द दाखवलेला. 20 जणांचं स्कॅनिंग उरकलेलं, हाती शून्य. "काका, यातून काही निघेल का?"

मी कागदावर एक उंचवटा काढला. शब्द दिसला की मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा प्रतिसाद 5-6 सेकंदांनी शिगेला पोचतो, खाली बसायला आणखी बराच वेळ घेतो. दर 3 सेकंदांवर असे उंचवटे काढत गेलो, एकावर एक बेरीज केली, तर वर जवळजवळ सपाट भिंत! चढउतारच नाही, तर मोजायचं काय? बैल गेला नि झोपा केला, तशी गत. मग शब्द तेवढेच, वेळ तेवढाच, फक्त मधलं अंतर कमीजास्त केलं, कुठे 2 सेकंद तर कुठे 8. भिंतीला डोंगर-दऱ्या आल्या. यात आमचा शोध काही नाही. मेंदूच्या स्कॅनिंगवर काम करणारे शास्त्रज्ञ अँडर्स डेल यांनी 1999 मध्येच हे मांडलंय. गंमत अशी की हे गणित करायला स्कॅन लागतच नाही, नुसतं वेळापत्रक पुरतं.

पैशाचं पहिलं काम मात्र आम्हीच नासवलं. 4 मिनिटं एक काम, 4 मिनिटं दुसरं, असे लांबलचक ठोकळे मांडले. मशीनचा सिग्नल मुळातच हळूहळू सरकतो, म्हणून 128 सेकंदांहून संथ बदल गाळून टाकायची पद्धत आहे. त्या गाळणीत आमचा निकालही वाहून गेला. 20 सेकंदांचे ठोकळे हवे होते. पैसे परत केले. भाऊ आठवडाभर बोलला नाही.

आता गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, मेंदूत कुठे हालचाल होते एवढंच हवंय की प्रतिसादाचा आकारही? पहिल्याला ठोकळे, दुसऱ्याला कमीजास्त अंतरं. "दोन्ही" म्हणणाऱ्याला भाऊ कुंदा खायला घालतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो.