रीळ

आज दुपारी आईच्या जुन्या शिलाई मशिनीचा फोटो टाकला आणि चार वाजेपर्यंत अंगठ्याने स्क्रीन खाली ओढत बसलो. ओढायचं, सोडायचं, ते चक्र गरगरतं, तीन लाइक. पुन्हा ओढायचं. तीनच.

मग मनाचा अभ्यास करणाऱ्या फ्रॉइडचा नातू आठवला. दीड वर्षाचं पोर. दोरा बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकायचं आणि 'ओऽऽ' करायचं, म्हणजे 'गेलं'. दोरा ओढला की 'आलं!' फ्रॉइडने १९२० साली यावर लिहिलं. आई जाते ते आपल्या हातात नाही, निदान रिळाचं जाणं-येणं तरी आपल्या हातात. आपलं 'बुवाऽ कुक' त्याच्याच नात्यातलं.

पण त्याच्या दोऱ्याला रीळ नक्की असायचं. माझ्या दोऱ्याला कधी काही लागतं, कधी नाही, आणि ते ठरवणारा भलताच कुणीतरी. (५२ वर्षांचा घोडा झालोय, हेही नोंदवून ठेवतो.)

पाच वाजता आईचा फोन. "अरे, फोटो बघितला. केवढी धूळ बसलीय मशिनीवर! पुसायची तरी."

लाइकचं बटण तिला अजून सापडलेलं नाही.