आमची वाटचाल: आधी साइड कव्हर काढून बघा

तापणारे पीसी दुरुस्त करायचा धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे उत्तर एकच होतं, पीसी तापतोय ना, प्रोसेसरवर मोठा कूलर लावू. मी आणि माझा मावसभाऊ, एक टेबल, एक ब्लोअर, थर्मल पेस्टच्या (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) चार ट्यूबा, बस.

पहिला दणका कंपनीच्या तयार डेस्कटॉपनेच दिला. १२० मिमी फॅनचा टॉवर कूलर मागवून ठेवलेला, जुना कूलर काढला आणि बघतो तर मदरबोर्डच्या मागे बॅकप्लेटच, म्हणजे कूलरचे स्क्रू धरणारी पट्टीच नाही, स्क्रू थेट कॅबिनेटच्या पत्र्यात बसवलेल्या खुंट्यांमध्ये जातात, आता नवा कूलर धरायचा कशाला! गेला तो परत डब्यात. पुढच्या मशीनवर कूलर बसला पण उंची १५५ मिमी, साइड कव्हर काही लागेना. त्याच्या पुढचा बसलाही आणि कव्हरही लागलं, तर चालू करताना दरवेळी फॅन एरर, कारण बोर्डवरचं फॅनचं कनेक्टर नेहमीचं ४ पिनचं नव्हतंच, आणि कस्टमरचा फोन, ‘दादा, आता रोज एफ१ दाबायचं का?’ तेव्हापासून मोजपट्टी आणि पिनांचा फोटो घेतल्याशिवाय आम्ही काहीच मागवत नाही.

एक चूक तर पूर्ण आमचीच. कूलरच्या तळाला जी पारदर्शक फिल्म असते ती न काढता भावाने तसाच बसवला, टेंपरेचर आधीपेक्षा जास्त, आणि आम्ही तासभर प्रोसेसरला शिव्या घालतोय. दुसऱ्या एका मशीनवर, एएमडीचा रायझन प्रोसेसर होता, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याला चिकटूनच वर आला, पिना वाचल्या हे नशीब. आता मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करतो, कूलर डावीकडे उजवीकडे हळू फिरवतो, मगच उचलतो.

पण खरं शिकवलं ते व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एका ताईंच्या पीसीने. प्रोसेसर इंटेलचा आय सेव्हन १०७००, कागदावर ६५ वॅट, पण इंटेलच्याच आकड्यांप्रमाणे तो थोडा वेळ २२४ वॅटपर्यंत खेचू शकतो, आणि वर कूलर कसला तर तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा. रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम) लावला की अर्ध्या मिनिटात १०० डिग्री, मग तो स्वतःच स्पीड पाडतो आणि ताई म्हणतात मशीन स्लो झालंय. आम्ही ९२ मिमीचा टॉवर बसवला, पेस्ट नवी, तरी ९५. वैतागून साइड कव्हर काढलं आणि तसाच रेंडर लावला, तर ८१! म्हणजे कूलरचा दोष नव्हताच, पुढचं पॅनल सपाट बंद, खालून एक बारीक फट, आणि कूलर बिचारा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत होता. पुढे आत ओढणारा एक फॅन आणि मागे बाहेर टाकणारा एक लावला, कव्हर बंद करून ८३ वर थांबलं.

तेव्हापासून आमचं काम असं चालतं की मशीन आलं की आधी कव्हर लावून लोड टेस्ट, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन टेंपरेचर बघायचं, मग कव्हर काढून तीच टेस्ट. आठदहा डिग्रीचा फरक पडला तर हवेचा प्रश्न, काहीच फरक नाही तर कूलर किंवा पेस्ट. जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली निघते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मधोमध मटाराएवढा थेंब आणि स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. बऱ्याचदा धूळ काढली आणि पेस्ट बदलली की काम होतं, कूलर विकला जात नाही, भाऊ यावर अजून कुरकुरतो.

ताईंचं मशीन परवा परत आलं होतं. म्हटलं झालं, पुन्हा तापायला लागलं वाटतं. तर पुढच्या फॅनवर मांजराच्या केसांची ही जाड गादी, काढली आणि दिलं.